विश्लेषण : ३४ घोडे, ३० उड्या… ‘ग्रँड नॅशनल’चा विजेता आधी ओळखता येतो का?

इंग्लंडमध्ये एप्रिल महिन्यातल्या एका शनिवारी लिव्हरपूलजवळच्या एंट्री रेसकोर्सवर ‘ग्रँड नॅशनल’ ही अडथळ्यांची घोडाशर्यत होते. एरवी घोड्याचे नावही न काढणारे लाखो ब्रिटिश त्या दिवशी पाच-दहा पौंडांची पैज लावतात. कुणी घोड्याचे नाव आवडले म्हणून, तर कुणी जॉकीच्या सदऱ्याचा रंग आवडला म्हणून. वर्तमानपत्रांत आदल्या दिवशी प्रत्येक घोड्याची कुंडली आणि संभाव्य विजेत्यांची नावे छापून येतात. २०२३ मध्ये फेव्हरिट घोडा जिंकला, २०२४ मध्ये संयुक्त फेव्हरिट जिंकला. २०२५ मध्ये मात्र ३३ ला १ असा भाव असलेला निक रॉकेट पहिला आला. मग या अंदाजांना काही आधार असतो की सगळा नशिबाचा खेळ?

ही शर्यत इतकी अवघड का?

मुंबईत महालक्ष्मीला किंवा पुण्यात दिसतात त्या सपाट मैदानावरच्या शर्यती. तिथे वेग महत्त्वाचा आणि सगळे दोन-तीन मिनिटांत आटोपते. ग्रँड नॅशनलमध्ये घोड्यांना सुमारे ६.९ किलोमीटर धावायचे असते आणि ३० उड्या मारायच्या असतात. एका फेरीत १६ अडथळे. त्यातले १४ दुसऱ्या फेरीत पुन्हा पार करायचे. ‘द चेअर’ हा सर्वात उंच अडथळा, ५ फूट २ इंचांचा. ‘बीचर्स ब्रुक’ येथे उडी घेतो त्या बाजूपेक्षा उतरण्याची बाजू खाली असल्याने घोड्याचा अंदाज चुकू शकतो. १८३९ च्या शर्यतीत कॅप्टन बीचर तिथल्या ओढ्यात पडले, तेव्हापासून हे नाव चिकटले.

शेवटच्या उडीनंतरही साडेचारशे मीटरची दौड बाकी असते. १९५६ मध्ये राजमातेचा डेव्हन लॉक विजयरेषा हाकेच्या अंतरावर असताना, समोर कुठलाही अडथळा नसताना कोसळला. त्याचा जॉकी डिक फ्रान्सिस पुढे रहस्यकथाकार म्हणून गाजला. १९६७ मध्ये तेविसाव्या अडथळ्यापाशी घोड्यांची एकच झुंबड उडाली आणि मागे पडलेला फॉइनाव्हन वाट काढत जिंकला. भाव होता १०० ला १. असा निकाल आदल्या दिवशी सांगणारा ज्योतिषी अजून जन्मायचा आहे.

चांगल्या घोड्यावर जास्त ओझे कशासाठी?

ग्रँड नॅशनल ही हँडिकॅप शर्यत आहे. अधिकृत हँडिकॅपर प्रत्येक घोड्याला आधीच्या कामगिरीवरून गुण देतो आणि जास्त गुणांच्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन येते. सर्वात वरच्या घोड्याला ११ स्टोन १२ पौंड, म्हणजे सुमारे ७५ किलो. त्यात जॉकी, खोगीर आणि कमी पडले तर शिशाचे तुकडे. हँडिकॅपरचे काम चोख झाले तर सगळे घोडे एकाच वेळी विजयरेषेवर पोहोचायला हवेत, अशी ही कल्पना. म्हणून ‘सर्वात चांगला घोडा कोणता’ हा प्रश्न इथे फारसा कामाचा नाही. विचारायचे ते हे, की हँडिकॅपरने मोजला त्यापेक्षा प्रत्यक्षात कोणता घोडा सरस आहे?

हे कळते कशावरून?

वजने फेब्रुवारीत जाहीर होतात आणि शर्यत एप्रिलमध्ये होते. मधल्या सात-आठ आठवड्यांत एखादा घोडा कितीही सुधारला, तरी त्याचे वजन वाढवले जात नाही. जाणकार सर्वात आधी पाहतात ती ही फट.

कोराख रॅम्बलर हे त्याचे नमुनेदार उदाहरण. २०२३ मध्ये वजने ठरल्यानंतर मार्चमध्ये त्याने चेल्टनहॅम महोत्सवातील अल्टिमा हँडिकॅप जिंकली. नव्याने वजन ठरले असते तर त्याच्यावर आणखी बरेच पौंड चढले असते. तो जुन्याच वजनाने एंट्रीत उतरला आणि ८ ला १ भावाने जिंकला. २०२५ मध्ये इनोदवेअपयुअरथिंकिन या घोड्याने मार्चमध्ये चेल्टनहॅम गोल्ड कप जिंकला आणि हीच संधी त्याच्यासमोर उभी राहिली. पण त्याच्या गोटाने त्याला नॅशनलमधून काढून घेतले. एकाच वर्षी गोल्ड कप आणि नॅशनल जिंकणारा घोडा आजवर एकच, १९३४ चा गोल्डन मिलर. त्यामुळे या माघारीला भित्रेपणा म्हणता येणार नाही.

जुने ठोकताळे का मोडले?

‘११ स्टोनच्या वरच्या घोड्याला हात लावू नका’ हा एकेकाळचा पक्का नियम होता आणि तो खराही होता. १९८४ ते २००४ या काळात ११ स्टोनपेक्षा जास्त वजन घेऊन एकही घोडा जिंकला नाही. आता चित्र उलटे आहे. टायगर रोल २०१९ मध्ये ११ स्टोन ५ पौंड, आय अ‍ॅम मॅक्सिमस २०२४ मध्ये ११ स्टोन ६ पौंड, निक रॉकेट २०२५ मध्ये ११ स्टोन ८ पौंड घेऊन जिंकला.

याचे मोठे कारण शर्यतीतच झालेले बदल. २०१२ मध्ये दोन घोडे दगावल्यानंतर अडथळ्यांच्या आतले लाकडी खुंट काढून लवचिक प्लास्टिक बसवले गेले. २०२३ मध्ये हिल सिक्स्टीन पहिल्याच अडथळ्यापाशी मेला. त्या दिवशी प्राणिहक्क कार्यकर्ते मैदानात घुसल्याने शर्यत उशिरा सुरू झाली आणि शंभरावर लोकांना अटक झाली. पुढच्या वर्षीपासून घोड्यांची संख्या ४० वरून ३४ वर आली. पहिला अडथळा सुरुवातीच्या रेषेच्या जवळ आणला, म्हणजे घोडे तिथे भन्नाट वेगात पोहोचू नयेत. २०२४ च्या शर्यतीत एकही घोडा पडला नाही.

पडझड कमी झाली की नशिबाचा वाटा घटतो. शिवाय जागा कमी झाल्याने खालच्या गुणांचे घोडे यादीत येतच नाहीत. याचा फायदा वरच्या दर्जाच्या घोड्यांना होतो. जुन्या आकडेवारीवर विसंबलेला अंदाज म्हणूनच फसतो.

दोन ठोकताळे मात्र टिकून आहेत. २०१५ ते २०२५ या काळातला प्रत्येक विजेता ७ ते ९ वर्षांचा होता. आणि २०१६ पासून झालेल्या नऊ शर्यतींपैकी (२०२० ची करोनामुळे रद्द झाली) सात आयर्लंडमध्ये तयार झालेल्या घोड्यांनी जिंकल्या, तर दोन स्कॉटलंडच्या. इंग्लंडच्या तबेल्यांची पाटी कोरीच.

मग निक रॉकेट कसा निसटला?

कागद समोर ठेवला तर त्याच्यात कमी काहीच नव्हते. वय ८, प्रशिक्षक आयर्लंडचे विली मलिन्स. जानेवारीत थायेस्टीस चेस जिंकलेली आणि फेब्रुवारीत, वजने जाहीर झाल्यानंतर, बॉबीजो चेसही. ही बॉबीजो चेस २०२४ चा विजेता आय अ‍ॅम मॅक्सिमस यानेही नॅशनलआधी जिंकली होती. तरी लोकांनी त्याच्याकडे पाठ फिरवली, कारण मलिन्स यांच्या तबेल्याचे अनेक घोडे एकाच शर्यतीत होते. तबेल्याचा पहिल्या क्रमांकाचा जॉकी पॉल टाउनेंड आय अ‍ॅम मॅक्सिमसवर बसला, तर निक रॉकेटवर मलिन्स यांचे चिरंजीव पॅट्रिक, जे व्यावसायिक जॉकी नाहीत. पहिला जॉकी ज्याच्यावर बसतो तोच घोडा सरस, असे लोक धरून चालतात. निक रॉकेटने आय अ‍ॅम मॅक्सिमसला अडीच लांबींनी मागे टाकले. पहिले तिन्ही घोडे मलिन्स यांचेच आणि पहिल्या सातांत पाच. शर्यतीनंतर त्यांना अश्रू आवरले नाहीत.

तेव्हा संकेत फेब्रुवारीपासून उघड्यावर होते, हे खरे. पण तसेच संकेत दाखवणारे आणखी चार-पाच घोडे दरवर्षी असतात, हेही तितकेच खरे. जाणकार ३४ मधून सहा नावांपर्यंत येऊ शकतो. सहातून एक काढणे त्याच्याही हातात नाही.

त्याच दिवशीच्या इतर शर्यतींचे काय?

तिथे फेव्हरिटवर जास्त भरवसा ठेवता येतो. उदाहरणार्थ लिव्हरपूल हर्डल. अडथळे बुटके, घोडे मोजके आणि हँडिकॅप नसल्याने चांगल्या घोड्याला दर्जाची शिक्षा नाही. नवख्या घोड्यांसाठीच्या मॅगहल चेसचेही तसेच. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीवरची पैज कौशल्याच्या खेळात मोडते असे म्हटले होते. ते कौशल्य दिसते ते अशा शर्यतींत जास्त.

शेवटच्या क्षणी काय बघायचे?

जमीन. पाऊस झाला तर वेगवान घोड्यापेक्षा दमदार घोडा बरा. २००१ च्या चिखलात चारच घोड्यांनी शर्यत पूर्ण केली आणि त्यातल्या दोघांचे जॉकी वाटेत पडून पुन्हा स्वार झाले होते. म्हणून शनिवारी सकाळचा जमिनीचा अहवाल आणि माघार घेतलेल्यांची यादी पाहिल्याशिवाय जाणकार तोंड उघडत नाहीत. शर्यत ब्रिटनच्या वेळेनुसार दुपारी चारला, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेआठला सुटते.

आणि वयाचा रकाना. तो फक्त भाव ठरवण्यासाठी नसतो. २०२५ मध्ये १३ वर्षांचा सेलेब्र दालेन दुसऱ्या फेरीत काही काळ आघाडीवर होता. मग त्याचा दम संपला आणि शेवटच्या दौडीत तो कोसळला. घोडा थकल्याचे दिसत असूनही शर्यत चालू ठेवल्याबद्दल त्याच्या जॉकीवर दहा दिवसांची बंदी आली. काही दिवसांनी घोडा मेला.