इसार देण्याआधी, अंगठा उठवण्याआधी

दुधाचे पैसे, गटाचे कर्ज, मुलाचा पगार असे चार ठिकाणचे जमवून आपल्यातल्या कितीतरी जणी आज घर घ्यायच्या बेतात असतात. घर पसंत पडते, किंमत ठरते आणि मध्यस्थ म्हणतो, "ताई, आजच इसार देऊन टाका, उद्या दुसरे गिऱ्हाईक येणार आहे." आज आपण त्याच घडीबद्दल बोलणार आहोत. पैसे हातातून जाण्याआधी आणि कागदावर सही करण्याआधी काय पाहायचे, ते समजून घेऊ.

सगळ्या बोलण्याचा गाभा एका वाक्यात सांगते, तेवढे गाठीला बांधा. बंधन सहीने येते, मालकी नोंदणीने येते. या दोन्हींच्या मध्ये जे दिवस जातात, त्यातच बायका फसतात.

घराच्या व्यवहारात तीन कागद असतात. पहिला इसार पावती. कुठे तिला विसार म्हणतात, कुठे बयाणा. दुसरा साठेखत, म्हणजे "अमुक मुदतीत, अमुक किमतीला हे घर तुम्हाला विकीन" असा करार. तिसरा खरेदीखत. घर खरोखर तुमच्या नावावर होते ते या तिसऱ्या कागदाने, आणि तोही दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदला तरच. १८८२ सालच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ मध्ये हे स्पष्ट आहे. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीचे घर-जमीन नोंदणीकृत कागदानेच विकता येते, आणि नुसत्या विक्रीच्या कराराने घरात कोणताही हक्क तयार होत नाही.

म्हणून कोणी म्हणाले, "स्टॅम्पवर लिहून देतो, नोटरी करून देतो, घर तुमचेच," तर थांबा. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. मुखत्यारपत्रावर घर विकत घेतले तरी मालकी येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला आहे.

मग काही जणींना वाटते, मालकी येत नाही तर इसार पावतीवर सही करायला काय हरकत आहे? हरकत आहे. पावतीवर घराचे वर्णन, किंमत आणि दोघांच्या सह्या असल्या की न्यायालय तिच्याकडे करार म्हणून पाहू शकते. सही केल्यावर अमुक दिवसांत कारण न देता माघार घेता येईल, अशी सोय आपल्या कायद्यात घरखरेदीला नाही. "नुसती पावती आहे, खरा कागद नंतर करू," हे बोलणे मनावर घेऊ नका. विचार करायचा तो सहीच्या आधी.

समजा, तुमच्या गटातल्या एका ताईंनी ८ लाखांचे घर ठरवले आणि ५० हजार इसार दिला. उरलेले पैसे बँकेच्या कर्जातून द्यायचे होते. बँकेने कागद पाहिले आणि कर्ज नाकारले. आता ५० हजारांचे काय? पावतीवर "व्यवहार मोडल्यास इसार जप्त" एवढेच लिहिले असेल, तर ते परत मिळणे अवघड. "कर्ज मंजूर न झाल्यास किंवा कागदपत्रांत दोष निघाल्यास संपूर्ण रक्कम १५ दिवसांत परत" अशी एक ओळ असती, तर मागायला आधार होता. ती ओळ सहीच्या आधी घालून घेता येते. सही झाल्यावर समोरच्याची मर्जी.

इथे शब्दही महत्त्वाचा आहे. "इसार" ही व्यवहार पुरा करण्याची हमी असते. गिऱ्हाईक मागे फिरले तर वाजवी इसार जप्त होऊ शकतो. किमतीपोटी दिलेली "आगाऊ रक्कम" मात्र परत मागता येते. म्हणून इसार थोडाच ठेवा, आणि पुढची रक्कम "किमतीपोटी आगाऊ" असे लिहूनच द्या.

आता सहीआधी काय तपासायचे ते पाहू.

पहिले, विकणारा खरा मालक आहे का? गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीचा नमुना ८ उतारा दाखवतात. तो करआकारणीचा कागद आहे. घरपट्टी कोणाच्या नावाने येते एवढे त्यावरून कळते, मालकी सिद्ध होत नाही. ज्या गावांत स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका आल्या आहेत, तिथे ती पत्रिका मागा. घर गावठाणाबाहेर असेल तर सातबारा पाहा आणि जमीन बिनशेती झाली आहे का ते विचारा. शेतातला एक-दोन गुंठ्यांचा तुकडा तोडून विकत असतील, तर तुकडेबंदी कायद्यामुळे नोंदणी अडू शकते. इसार देण्याआधी दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन खात्री करा. विकणाऱ्याला त्याच्याकडे घर कसे आले तो कागदही दाखवायला सांगा.

दुसरे, वारस किती? घर वडिलांच्या नावावर होते, वडील वारले, आता थोरला मुलगा विकतो आहे, असे पुष्कळदा असते. पण हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्या घरात विधवा आई, सगळे मुलगे आणि सगळ्या मुली यांचा हिस्सा असतो. मुलीचे लग्न होऊन ती सासरी गेली म्हणून हिस्सा जात नाही. नोंदलेले हक्कसोडपत्र नसेल, तर त्या प्रत्येकाची सही हवी. एक बहीण जरी सुटली, तरी उद्या ती आपला हिस्सा मागू शकते, आणि तो तिचा हक्कच आहे.

तिसरे, घरावर बोजा आहे का? बँकेचे, पतपेढीचे, सोसायटीचे कर्ज असेल तर ते फिटल्याचा दाखला आधी हवा. नोंदणी कार्यालयातून जुन्या व्यवहारांचा शोध घेता येतो. वकील सहसा मागच्या तीस वर्षांचा शोध घेतात. त्याला थोडा खर्च येतो, पण तो इसाराहून कमीच.

चौथे, घरात राहते कोण? भाडेकरू असेल, भाऊबंद राहत असेल, तर घर रिकामे कोण करून देणार ते कागदावर यायला हवे. दारात जाऊन स्वतः विचारा. शेजारणीला जे माहीत असते, ते उताऱ्यावर सापडत नाही.

आता साठेखतात काय लिहून घ्यायचे? दोन्ही बाजूंची पूर्ण नावे, घराची मोजमापे आणि चतुःसीमा, एकूण किंमत, दिलेली आणि राहिलेली रक्कम, खरेदीखत करण्याची तारीख, ताबा कधी मिळणार, थकलेली घरपट्टी आणि वीजबिल कोण भरणार, आणि व्यवहार मोडला तर पैसे कसे परत मिळणार. कोरी जागा ठेवून सही करू नका. किमतीचा आकडा अंकांत आणि अक्षरांत, दोन्हीकडे पाहा. प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या घ्या आणि तुमची प्रत त्याच दिवशी ताब्यात घ्या.

साठेखत नोंदवूनच घ्या. नोंदले की सूची क्रमांक दोनमध्ये ते दिसते, आणि तेच घर दुसऱ्याने विकत घेतले तर त्याला "मला माहीत नव्हते" म्हणता येत नाही. खरेदीखताआधी राहायला जाणार असाल तर हे आणखी गरजेचे. साठेखत नोंदलेले नसेल, तर नुसत्या ताब्याला कायद्याचे संरक्षण मिळत नाही. ताबा देण्याचे ठरले असेल तर साठेखतालाच खरेदीखताएवढे मुद्रांक शुल्क लागते. पण ते वाया जात नाही, पुढे खरेदीखताच्या वेळी धरले जाते. आणि घर फक्त महिलेच्या नावावर होणार असेल, तर महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. घरात कोणाचे नाव लावायचे हे ठरवताना ही गोष्ट नवऱ्याच्या कानावर जरूर घाला.

पैसे शक्यतो बँकेतूनच द्या. काही अपवाद सोडले तर घर-जमिनीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त आगाऊ रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे. पासबुकातली नोंद हाच तुमचा सर्वात भरवशाचा साक्षीदार.

सही झाल्यावर तारखा विसरू नका. विकणारा खरेदीखत करून देत नसेल, तर ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांच्या आत न्यायालयात दावा लावावा लागतो. आपण पैसे घेऊन तयार होतो, हेही तिथे दाखवावे लागते. म्हणून "देतो, देतो" यावर वर्षे काढू नका. वेळेत लेखी नोटीस पाठवा.

मैत्रिणींनो, आपण दर वेळी घेणाऱ्याच बाजूला असतो असे नाही. भाऊ म्हणतो, "ताई, नुसती सही कर." नवरा म्हणतो, "संमती म्हणून अंगठा दे." संमती देणार म्हणून सही केली की त्या विक्रीला पुढे हरकत घेणे फार कठीण होते. त्यामुळे कागद कशाचा आहे, किंमत किती, माझ्या वाट्याला काय, हे विचारा. वाचता येत नसेल तर आपल्या विश्वासाच्या माणसाकडून पूर्ण वाचून घ्या. दुय्यम निबंधकांसमोर "कबूल आहे का?" असे विचारतात, तिथेही "आधी वाचून दाखवा" म्हणायला लाजू नका. विचारण्याने नाते तुटत नाही. न विचारता केलेल्या सहीने मात्र घरेही गेली आहेत आणि नातीही.

वकिलाच्या खर्चाची भीती वाटत असेल, तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने प्रत्येक महिलेला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, तिथे जा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. इसार देण्याआधी गेलात तर एका सल्ल्यात काम होते. नंतर गेलात तर दाव्याच्या तारखा सुरू होतात.

पुढच्या गटाच्या बैठकीत एक काम करा. ज्या मैत्रिणीच्या घरी साठेखत किंवा खरेदीखत आहे, तिला ते आणायला सांगा आणि एकीने मोठ्याने वाचा. मालक कोण, किंमत किती, मुदत कोणती, नोंदणी झाली का, हे सगळ्यांनी मिळून शोधा. एकदा असा कागद वाचलेला असला, की मध्यस्थ कितीही घाई करो, "कागद ठेवून जा, वाचून सांगते," हे शब्द आपोआप तोंडून येतील.