माहितीपुस्तकातली कोरी घरं

६५०२ या प्रोसेसरच्या आज्ञांचा तक्ता सोळा ओळींचा आणि सोळा रकान्यांचा, म्हणजे २५६ घरांचा. उत्पादकांच्या माहितीपुस्तकात त्यांतली १५१ भरलेली होती आणि १०५ कोरी. चक पेडल, बिल मेन्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेली ही चिप १९७५ साली 'मॉस टेक्नॉलॉजी'नं अवघ्या २५ डॉलरला बाजारात आणली. पुढे ती स्वतः किंवा तिची भावंडं ॲपल टू, अटारी २६००, कमोडोर ६४ अशा यंत्रांतून घरोघरी पोचली. मग हौशी मंडळींनी ती कोरी घरं ठोठावून पाहिली नसती तरच नवल!

रीत चिकाटीची होती. रजिस्टरांत आणि मेमरीत ठाऊक असलेले आकडे भरायचे, कोऱ्या घराचा संकेत चालवायचा आणि काय बदललं ते टिपायचं. क्लॉकचे ठोके मोजायचे. मग आकडे बदलून पुन्हा तेच.

एक घर जवळून पाहू. ए५ हा संकेत मेमरीतला आकडा 'ए' रजिस्टरमध्ये आणतो, ए६ तोच आकडा 'एक्स'मध्ये आणतो. ए७ छापील तक्त्यात नाही. तो चालवला, तर आकडा दोन्हीकडे पोचतो! बिट मांडले की उलगडा होतो: १०१००१०१, १०१००११०, १०१००१११. पहिल्याच्या शेवटी ०१, दुसऱ्याच्या १०, तिसऱ्याच्या ११. चिप लहान आणि स्वस्त ठेवायची, म्हणून संकेत ओळखणाऱ्या १३० ओळींपैकी प्रत्येक ओळ आपल्यापुरते बिट तपासते, बाकीच्यांकडे पाहतच नाही. ए७ आला की 'ए'वाल्या ओळीला वाटतं आपलं काम आलं, 'एक्स'वालीलाही तसंच वाटतं, आणि दोघी कामाला लागतात.

८७ तर याहून सुंदर. इथे 'ए' आणि 'एक्स' एकाच वेळी आपापला आकडा एकाच बसवर ठेवतात. या जातीच्या सर्किटात शून्याची ओढ एकापेक्षा जबर असते, त्यामुळे दोन्हीकडे एक असेल तिथेच एक उरतो. 'ए'त ११०० आणि 'एक्स'मध्ये १०१० असेल, तर मेमरीत १००० जातं. तर्कशास्त्रातली 'आणि' ही क्रिया, कोणी न आखता, तारांनीच करून टाकलेली! गुप्त आज्ञा म्हणून यांची ख्याती झाली, पण मला तो शब्द पटत नाही. इथे कोणी काही लपवलेलं नव्हतं. काटकसरीच्या रचनेतून हे आपसूक उगवलं होतं.

सगळी घरं अशी गुणी नाहीत. बारा संकेत प्रोसेसरला जागीच गोठवतात, रिसेट दिल्याखेरीज तो हलत नाही. ८बी तर लहरीच: त्याचं उत्तर चिपगणिक, तापमानागणिक बदलतं.

बाहेरून ठोठावून 'काय' ते कळलं, 'का' ते पुरतं दिसायला चिपच उघडावी लागली. ग्रेग जेम्स, ब्रायन सिल्व्हरमन आणि बॅरी सिल्व्हरमन यांनी तिचं आवरण काढलं, सूक्ष्मदर्शकाखाली फोटो घेतले आणि एकेक तार, एकेक ट्रान्झिस्टर संगणकावर गिरवला. मूळ आराखडाही १९७५मध्ये हातानंच काढलेला होता, हे आठवलं की या गिरवण्याचं मोल जास्तच जाणवतं. २०१० साली 'व्हिज्युअल ६५०२' या नावानं त्यांनी त्याचं चालतं चित्र सर्वांसाठी खुलं केलं. त्याला आज्ञांचा तक्ता कोणी शिकवलेला नाही. त्यात आहेत फक्त तारा आणि ट्रान्झिस्टर. तरीही ए७ देऊन ठोक्याठोक्यानं पुढे सरकलं, की 'ए' आणि 'एक्स' दोघांत तोच आकडा उतरतो.