न संपणारी वही

उल्हासनगर कॅम्प २ मधील कापड व्यापाऱ्यांचे हिशेब एके काळी वह्यांत लिहिले जात. वहीला पाने मोजकीच असत. ती संपली की जुनी वही माळ्यावर जाई आणि नवी उघडली जाई. हाताशी काय ठेवावे व दूर काय ठेवावे, हे त्या काळी वहीच ठरवीत असे. संगणकाने पानांची मर्यादा नाहीशी केली. तिच्याबरोबर तो निर्णयही मागे पडला.

आज गजानन मार्केटसारख्या बाजारपेठेत बिल निघण्यास विलंब लागला, की दोष यंत्राला, नाही तर कारकुनाला दिला जातो. वस्तुतः दोष बहुधा कोणीच न घेतलेल्या निर्णयाचा असतो.

डेटाबेस, म्हणजे नोंदींचे संगणकीय भांडार, अनपेक्षितपणे फुगते ते केवळ धंदा वाढल्यामुळे नव्हे. बिलांची छायाचित्रे थेट भांडारातच साठवली जातात. प्रत्येक बदल टिपणारी लॉग फाइल, तिचा बॅकअप न घेतल्यास, वाढतच राहते. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबप्रणालीत प्रत्येक दुरुस्तीचा माग राखणे बंधनकारक आहे; तो बंद ठेवता येत नाही. एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस या विनामूल्य प्रणालीच्या २०२२ च्या आवृत्तीत, लॉग वगळून, एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. ती गाठली की नवी नोंद अडते. हे ऐन दिवाळीच्या हंगामात घडले, तर दुकानात गिऱ्हाईक उभे आणि बिल मात्र निघत नाही, अशी अवस्था होते.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा गायरानाचा प्रश्न आहे. आणखी एक जनावर सोडणाऱ्याला खर्च जाणवत नाही. चारा मात्र सर्वांचा कमी होतो. त्याचप्रमाणे एक जादा नोंद ठेवणे फुकट भासते. तिचा भार पुढे शोधणाऱ्यावर व बॅकअप घेणाऱ्यावर पडतो.

म्हणून घाबरून जुन्या नोंदी पुसाव्यात काय? मुळीच नाही. पुसल्याने आत जागा मोकळी होते. फाइलचा आकार सहसा आपोआप घटत नाही. शिवाय जीएसटी कायद्यानुसार वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने, तर कंपनी कायद्यानुसार ८ आर्थिक वर्षे हिशेब जपावे लागतात. पुसलेली नोंद नोटीस आल्यावर परत मिळत नाही.

आधी मोजमाप हवे: कोणता तक्ता किती वाढला, याची दरमहा नोंद ठेवावी. छायाचित्रे वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून भांडारात केवळ त्यांचा ठावठिकाणा लिहावा. लॉगचा बॅकअप नियमित घ्यावा. बंद झालेल्या वर्षांचे व्यवहार स्वतंत्र डेटाबेसात हलवून शिल्लक पुढे ओढावी. मात्र ती प्रत उघडते आणि तिची बेरीज जुळते, याची प्रत्यक्ष खात्री झाल्यावाचून मूळ नोंदीला हात लावू नये. काय किती काळ ठेवायचे, हे मालकाने कर सल्लागाराबरोबर बसून लेखी ठरवावे. तो भार कारकुनाच्या माथी मारणे न्याय्य नव्हे.

वाढ आधी आणि नियम मागाहून, याची किंमत या शहराला अपरिचित नाही. येथील अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी राज्याला २००६ मध्ये उल्हासनगरपुरता स्वतंत्र कायदा करावा लागला. हिशेबाच्या भांडारासाठी असा कायदा कोणी करणार नाही. तेथील नियम दुकानातच, आणि वेळेवर, झाले पाहिजेत.