कोळसा किती बारीक दळावा?

बंब पेटवताना तुम्ही ओंडक्याला काडी लावत नाही. आधी ढलप्या घालता. असे का? १ सेंटिमीटर बाजूचा कोळशाचा घन घ्या. त्याचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. त्याचेच ०.१ मिलिमीटर बाजूचे घन केले, तर ते दहा लाख होतील आणि एकूण पृष्ठफळ ६०० चौरस सेंटिमीटर! (गणित करून पाहा.) हवेतला ऑक्सिजन भिडतो तो पृष्ठभागालाच.

म्हणून सिमेंटच्या फिरत्या भट्टीत कोळशाची भुकटी फुंकतात. ज्योत सुमारे २००० अंश सेल्सिअसची. कणाने काही सेकंदांतच जळून जायला हवे. पण कणाचा व्यास दुप्पट झाला, की जळायला साधारण चौपट वेळ लागतो. असा जाड कण अर्धवट जळून खालच्या तप्त क्लिंकरवर पडतो. तिथे हवा अपुरी, म्हणून तो क्लिंकरमधल्या लोहाच्या ऑक्साइडकडूनच ऑक्सिजन ओढतो. एरवी करडा-काळा असणारा क्लिंकर आतून तपकिरी होतो आणि सिमेंट कमजोर निघते. त्याच सिमेंटचा स्लॅब आपल्या डोक्यावर असतो!

मग मैद्यासारखाच दळावा की! पण त्यात वीज फार खर्च होते, शिवाय हवेत उडालेल्या भुकटीला ठिणगी लागली तर स्फोट होतो. म्हणून गिरणीत कमी ऑक्सिजनचे गरम वायू सोडतात.

कारखान्यातला ठोकताळा सोपा आहे. कोळशात बाष्पनशील द्रव्य जितके टक्के, त्याच्या निम्म्याहून अधिक भुकटी ९० मायक्रॉनच्या चाळणीवर उरता कामा नये. ३० टक्के असेल, तर १५. तेलशुद्धीकरणातून मिळणाऱ्या पेटकोकमध्ये ते जेमतेम १० टक्के असते; तो हट्टी, म्हणून त्याला अधिक बारीक दळावे लागते.