इन्शुलिनच्या पेशी बाटलीत का वाढत नाहीत?



गट ऑफिसात टिश्यूकल्चर रोपांची माहिती देत असताना एका वयस्कर सभासदांनी आम्हाला मध्येच थांबवले. म्हणाले, "साहेब, उसाच्या शेंड्यातल्या एवढ्याशा कणापासून बाटलीत हजारो रोपं होतात. मग माझ्या नातीला लागणाऱ्या इन्शुलिनच्या पेशी का होत नाहीत?" नात नऊ वर्षांची, दिवसाला चार सुया. आम्ही पडलो शेती डिप्लोमावाले, तेव्हा उत्तर जमले नाही. नंतर वाचून जे समजले ते येथे देत आहोत. साखर कारखान्याच्या पत्रकात मधुमेह कशाला, असे कुणी म्हणेल. म्हणू द्या.

जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते. तिचा बहुतेक भाग पाचक रस करतो. त्यात सुमारे दहा लाख बारीक पुंजके विखुरलेले असतात. १८६९ साली पॉल लँगरहॅन्स या जर्मन विद्यार्थ्याने ते दाखवले, म्हणून त्यांना लँगरहॅन्सची बेटे म्हणतात. सगळी मिळून ग्रंथीच्या शेकडा एक-दोन भाग. त्यांतल्या बीटा पेशी इन्शुलिन करतात. पोरांच्या मधुमेहात शरीराची संरक्षक यंत्रणाच या पेशी मारते. म्हणूनच कुणाच्या पाल्याच्या औषधावर भरवसा ठेवून अशा पोराची सुई बंद केली, तर थोड्याच दिवसांत जिवावर बेतते.

ही बेटे अख्खी बाहेर काढण्याची रीत लेसी आणि कोस्टियानोव्स्की यांनी १९६७ साली उंदरांवर बसवली. माणसाच्या बाबतीत मृत दात्याची ग्रंथी घेतात, तिच्या नळीतून कोलॅजिनेज हे विकर सोडतात. ऊब दिली, हलवले की धागे विरघळून बेटे सुटतात. मग आपण मळी आणि साखर जशी फिरत्या यंत्रात वेगळी करतो, तसे फिरवून घनतेवर बेटे निवडतात. वेळ फार लावून चालत नाही, पाचक रस बेटांनाच खाऊ लागतो.

खरी अडचण पुढेच आहे. ३७ अंश उबेत, पोषक द्रवात बेटे काही दिवस चांगली राहतात, पण वाढत नाहीत. रक्तवाहिन्या तुटलेल्या, त्यामुळे मोठ्या बेटाच्या पोटात प्राणवायू पोचत नाही आणि आतला गाभा मरतो. उसाच्या कोंबातल्या पेशींना पुन्हा मूळ, खोड, पान होण्याची ताकद असते. मोठ्या माणसाची बीटा पेशी विभागतच नाही म्हटले तरी चालेल. जबरदस्तीने विभागायला लावली तर ती आपला धंदा विसरते, इन्शुलिन करणे सोडते. वर भांड्यात दुसऱ्याच धाग्यासारख्या पेशी हराळीगत माजतात. आणि नुसते इन्शुलिन असून भागत नाही. द्रवात साखर वाढवली की सोडले पाहिजे, कमी केली की थांबले पाहिजे. ही परीक्षा प्रत्येक वेळी घेतात.

म्हणून दात्याची बेटे वाढवत न बसता तीच रोग्याच्या यकृतात सोडण्याचा मार्ग धरला गेला. कॅनडात एडमंटन येथे २००० साली सात रोग्यांची सुई अशी सुटली, पण एका रोग्याला दोन-दोन दात्यांची बेटे लागली. पुढे या पद्धतीच्या बहुतेकांना पाच वर्षांच्या आत पुन्हा इन्शुलिन घ्यावे लागले.

दुसरा मार्ग आमच्या रोपवाटिकेच्या जवळचा. हार्वर्डचे डग्लस मेल्टन यांच्या स्वतःच्या मुलाला हा आजार झाला, तेव्हा ते या कामात शिरले. कशातही रूपांतर होऊ शकणाऱ्या मूळ पेशी आधी भरपूर वाढवायच्या, मग टप्प्याटप्प्याने रसायने बदलत त्यांच्या बीटा पेशी करायच्या. २०१४ साली त्यांच्या गटाला हे मोठ्या प्रमाणावर जमले. अशा पेशी पूर्ण मात्रेत दिलेल्या बारा रोग्यांपैकी दहा जण वर्षाअखेर इन्शुलिनविना होते, असे २०२५ साली प्रसिद्ध झाले.

मात्र ते सगळे प्रौढ, साखर अचानक घसरून बेशुद्ध पडण्यापर्यंत वेळ येणारे. शरीराने परक्या पेशी मारू नयेत म्हणून त्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात, त्यात जंतुसंसर्गाचा धोका. नऊ वर्षांच्या पोरीला सुईऐवजी हा धोका द्यायला डॉक्टर तयार होत नाहीत. आम्ही त्या सभासदांना हेच सांगितले. ते म्हणाले, "म्हणजे रोप तयार आहे, पण लावायला रान तयार नाही." आम्ही हो म्हणालो.