साडेचारशे लिटरचं टेन्शन

फंडा एकदम सोप्पा आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. चार बाय दोन बाय दोन फुटांचा फिश टँक घेतला, की नुसतं पाणीच झालं साडेचारशे किलो. १२ एमएमच्या काचेचे ९० किलो, तळाशी रेती-दगड, खाली लोखंडी स्टँड. गोळाबेरीज ७०० किलोच्या घरात. म्हणजे दहा दांडगे पाहुणे तुमच्या हॉलमध्ये आठ चौरस फुटांत दाटीवाटीनं उभे, आणि चहा झाला तरी हलायचं नाव नाही!

असा टँक माझ्या मावसभावाला हवा होता, तोही पहिल्या मजल्यावर. पुण्यातल्या एका आयटी कंपनीचं काम तो घरून करतो आणि घर आहे वाशीम जिल्ह्यातल्या जऊळक्याला, अकोला-पूर्णा रेल्वेमार्गावर. दिवसभर स्क्रीनकडे बघून डोळे शिणतात, बाजूला मासे हवेत, हे त्याचं लॉजिक. मला ते पटलंही. अडचण एवढीच, की त्या खोलीच्या बरोबर खाली मावशीचा पलंग आहे.

घर जुनं. मातीत बांधलेल्या जाड भिंती, लोखंडी गर्डर, त्यांवर दगडी फरश्या आणि वर कोबा. 'टँकखालची जमीन मजबूत करून पाहिजे' एवढंच सांगून त्यानं तीन ठेकेदारांकडून कोटेशन मागवली. आली ती अशी: १४ हजार, ३८ हजार आणि १ लाख १० हजार. एकाच खोलीचे हे तीन भाव! आपण काय करतो? वरचा लुटतोय, खालचा फसवतोय, असं म्हणून मधला निवडतो. पण आम्ही कागद शेजारी-शेजारी ठेवून वाचले, तेव्हा लक्षात आलं की ही तीन वेगवेगळी कामं आहेत.

१४ हजारवाला खालच्या खोलीत मधोमध एक लोखंडी पाइप उभा करणार होता. "काई होत नाई भाऊ, मंग हत्ती ठेवजा," हे वर. पाइप कशावर उभा राहणार? तर खालच्या फरशीवर. पाया नाही. आता आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, जमिनीला भेगा पडतात. तिच्यावर वरवर टेकवलेला खांब वर्षभरात वरही ढकलणार आणि खालीही सोडणार. शिवाय मावशीच्या पलंगाशेजारी पाइप, हे वेगळंच!

३८ हजारवाल्याच्या कागदावर होतं, 'गर्डर २ नग, मजुरीसह'. कुठला गर्डर? १५० एमएमचा आय-बीम मीटरला साधारण १५ किलो भरतो, १०० एमएमचा चॅनल साडेनऊच्या आसपास. बोलताना दोघांनाही 'गर्डरच' म्हणतात. आणि गर्डरची टोकं टेकणार मातीच्या भिंतीवर. तिथे काँक्रीटचा ठोकळा, म्हणजे साइटवरच्या भाषेत बेड-ब्लॉक, नसेल तर वजन भिंतीत रुतत जातं. कागदावर त्याचा पत्ता नव्हता. लाखवाला तर सगळंच तोडून आरसीसी स्लॅब टाकणार होता. पण तोपर्यंत मावशीनं झोपायचं कुठे, मलबा कोण उचलणार, जीएसटी धरून की सोडून, सगळी चुप्पी.

मग वाशीमहून एका स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं. फी ५ हजार. माझ्या मते सगळ्या खर्चातले हेच पैसे सगळ्यात सत्कारणी लागले, कारण हा माणूस लोखंडही विकत नव्हता आणि मजुरीही. त्यानं आधी गर्डरची भिंतीतली टोकं खरवडून गंज पाहिला. मग म्हणाला, टँक खिडकीशी नको, गर्डर ज्या भिंतीवर टेकतात तिला लागून ठेवा, लांब बाजू गर्डरांना आडवी. वजन एकाऐवजी दोन-तीन गर्डरांवर वाटलं जाईल आणि मधल्या भागावर ताण येणार नाही. स्टँडचे पाय थेट दगडी फरशीवर नकोत, खाली गर्डर ते गर्डर पोचणारी लोखंडी चौकट हवी. दोन गर्डरांची टोकं गंजली होती, त्यांच्या शेजारी नवे १५० एमएमचे आय-बीम, बेड-ब्लॉकसह.

फ्लॅटवाल्यांनो, तुम्हीही सुटला नाहीत. राहत्या घरातल्या खोल्यांसाठी आयएस ८७५ हे भारतीय मानक चौरस मीटरला साधारण २०० किलो वापराचं वजन धरायला सांगतं. आपल्या टँकखाली हाच आकडा ९०० च्या पुढे जातो. म्हणून लगेच स्लॅब कोसळतो असं नाही, वजन आजूबाजूला पसरतं. पण टँक खोलीच्या मध्यावर आहे की बीमला लागून, यावर बरंच ठरतं. बाल्कनीत तर नकोच.

इंजिनिअरनं सांगितलेलं सगळं भावानं एका पानावर लिहिलं: मापं, लोखंडाचा सेक्शन, बेड-ब्लॉक, गंजरोधक रंग, मलबा, कर. तेच पान तिघांनाही दिलं. नवे आकडे आले ५२ हजार, ४७ हजार आणि ५८ हजार. हत्तीवाल्याचाच भाव आता ५२ झाला होता! काम ४७ वाल्याला गेलं. स्वस्त म्हणून नाही (म्हणजे, तेही होतंच), तर लोखंड वजनकाट्यावर मोजून पावती देतो, असं तो स्वतःहून म्हणाला म्हणून.

पैसे तीन हप्त्यांत ठरले. टँक एका दमात भरला नाही. पाव टँक, एक दिवस थांबायचं, मग पुन्हा पाव. दर वेळी खालच्या खोलीत जमिनीपासून गर्डरपर्यंत टेप लावून माप घ्यायचं. ते काम मावशीनं स्वतःकडे घेतलं आणि आकडे कॅलेंडरवर लिहिले. मासे अजून अकोल्याच्या दुकानातच आहेत. नव्या टँकमधलं पाणी त्यांना मानवेल असं व्हायला चार-सहा आठवडे सहज जातात, आणि शेवटच्या हप्त्यासाठी तोवर थांबायला ठेकेदारही तयार झालाय.