एका बाईने रचलेली नदी



गटाची बैठक कुठलीही असो, हप्त्याचा हिशेब संपला की एक तक्रार निघतेच: "पोरगं दिवसभर मोबाईलवर ढिश्क्यांव ढिश्क्यांव करत बसतं." आम्हीही आया आहोत, आमच्याही घरी तेच. म्हणून म्हटलं, हे खेळ आले कुठून ते तरी बघू. बघता बघता एका बाईची गोष्ट हाती लागली. आज तीच सांगणार आहोत.

गोष्ट अमेरिकेची आहे. १९७७ साली तिथे अटारी कंपनीने टीव्हीला जोडायचा एक डबा बाजारात आणला. पुढे त्याला अटारी २६०० म्हणू लागले. डब्यात कार्ट्रिज म्हणजे खेळाची वडी खोचायची, हातात दांडा धरायचा आणि घरबसल्या खेळायचं. वडी बदलली की खेळ बदलला. १९८० साली त्यावर 'स्पेस इनव्हेडर्स' आला. हा मूळचा जपानचा खेळ. वरून परग्रहावरचे शत्रू रांगेने उतरतात आणि आपण खालून त्यांना टिपायचं. तो इतका चालला की मग आकाशातल्या गोळीबाराच्या खेळांचा नुसता पूर आला.

त्याच अटारीत १९७८ साली कॅरल शॉ नावाची तरुणी नोकरीला लागली होती. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात ती कॉम्प्युटर शिकली होती. खेळ रचणाऱ्या अगदी पहिल्या बायकांपैकी ती एक. तिने पुढे एका मुलाखतीत सांगितलं आहे, की एकदा कंपनीचे अध्यक्ष आले आणि म्हणाले, चला, आता बाई आली, ती रंगसंगतीचे, घर सजवण्याचे खेळ करील! मैत्रिणींनो, हे आपल्यालाही नवीन नाही. सरपंच झालेल्या बाईलाही "चहाचं तेवढं बघा" असं ऐकावं लागतंच की. कॅरलबाईंनी घर सजवण्याचा खेळ काही केला नाही. त्यांनी पटावरचे डोक्याचे खेळ रचले.

१९८२ साली त्या ॲक्टिव्हिजन कंपनीत आल्या. नवा खेळ काढायचा होता. एका सहकाऱ्याने सुचवलं, आकाशाचे खेळ फार झाले, दुसरं काही काढा. कॅरलबाई चौकटीचा कागद घेऊन बसल्या आणि त्यावर नदी काढली. तोच 'रिव्हर रेड'. नदीवरून विमान जातं, काठाला लागलं की फुटतं. समोरून जहाजं आणि हेलिकॉप्टर येतात, पुढे पूल आडवा येतो. आणि सगळा वेळ टाकीतलं इंधन घटत असतं. वाटेत इंधनाची ठाणी लागतात. त्यांच्यावरून सावकाश गेलं तर टाकी जास्त भरते. ठाण्यावर गोळी झाडली तर ८० गुण मिळतात, पण इंधन गेलं. म्हणजे आजचा मोह धरायचा की पुढच्या वाटेची तरतूद करायची? आपल्या बचत गटाचा प्रश्नही याहून वेगळा नाही.

आता खरी करामत ऐका. त्या डब्याची कामाची स्मृती होती फक्त १२८ बाइट. एक बाइट म्हणजे साधारण एक इंग्रजी अक्षर. म्हणजे पोस्टकार्डावरच्या चार ओळींत मावेल एवढंच तो डबा ध्यानात ठेवू शके. वडीत सगळा खेळ ४,०९६ बाइटांत बसवायचा होता. एवढ्यात मैलोनमैल नदी मावणार कशी?

आपण ठिपक्यांची रांगोळी काढतो ना, तसंच त्यांनी केलं. आपण अख्खी रांगोळी डोक्यात ठेवत नाही. किती ठिपके, किती ओळी, कुठून कुठे जोडायचं, एवढा नियम ठेवतो. नियम तोच, तर रांगोळीही तीच उमटते. कॅरलबाईंनी नदीचं चित्र साठवलंच नाही, नियम साठवला. एका आकड्यावरून पुढचा आकडा काढायचा. त्या आकड्यावरून नदी किती रुंद, बेट कुठे, जहाज कुठे, इंधन कुठे, ते ठरायचं. सुरुवातीचा आकडा ठरलेला, म्हणून दरवेळी नदी तीच. शिवाय डावा काठ काढला की उजवीकडे आरशातल्यासारखा तोच काठ उमटे. अर्ध्या कष्टात पूर्ण नदी.

खेळ खूप गाजला. आणि ॲक्टिव्हिजनची एक चांगली रीत होती, खेळ रचणाऱ्याचं नाव ती छापायची. अटारीत ते मिळत नव्हतं. त्याच नाराजीतून काही जणांनी अटारी सोडून १९७९ साली ही कंपनी काढली होती. म्हणून कॅरल शॉ हे नाव घरोघरी पोचलं. २०१७ साली अमेरिकेत त्यांचा मोठा सन्मानही झाला.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पश्चिम जर्मनीत १९८४ साली हा खेळ लढाईचा म्हणून मुलांसाठी अपायकारक ठरवला गेला. ते बंधन २००२ साली उठलं. तेव्हा पोरांची काळजी करणाऱ्या आपण काही पहिल्या नाही. काळजी जरूर करावी, वेळेची मर्यादाही घालावी.

पण मैत्रिणींनो, मोबाईल हिसकावण्याआधी एकदा मुलीला विचारून बघा: "हे आतून चालतं कसं गं?" तिला सांगता आलं नाही, तर अंगणात ठिपक्यांची रांगोळी घाला आणि आजची नदी तिला समजावून सांगा. जिला ठिपके मोजता येतात, तिला यातलं निम्मं आधीच येतं. कॉम्प्युटरचं शिक्षण पोराला आणि शिवणक्लास पोरीला, हे ठरवताना एवढं ध्यानात असू द्या.

पुढच्या बैठकीत यावर बोला आणि काय ठरलं ते आम्हाला कळवा. आम्ही वाट बघतो.